घरी येणाऱ्या रुग्णसेवेची पारख: ब्यूरोच्या पहिल्या फोनपासून बदलीच्या दिवसापर्यंत

रुग्णालयातून सुट्टी मिळते त्या दिवशी घरच्यांच्या एका हातात औषधांची पिशवी असते, दुसऱ्या हातात बिलाच्या पावत्या असतात, आणि त्याच गडबडीत वॉर्डमधले कोणीतरी एक कार्ड पुढे करते: ‘माणूस लागला तर इथे फोन करा.’ पुण्यामुंबईत काय किंवा नाशिक-कोल्हापुरात काय, घरी येऊन रुग्णाची सेवा करणारी मावशी, मामा किंवा सिस्टर पुष्कळ घरांत अशाच कार्डावरून येते. संध्याकाळपर्यंत माणूस हजर होतो आणि घराच्या किल्लीसह अंथरुणाला खिळलेली आई त्याच्या हवाली होते.

माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडल्यानंतर सव्वा वर्ष आमच्याकडे ब्यूरोची, म्हणजे घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेची, माणसे येत होती. पहिला ब्यूरो आम्ही चकचकीत माहितीपत्रक पाहून निवडला आणि दुसरा नीट चौकशी करून. या दोन्हींतला खरा फरक मात्र आम्हाला नेहमीची मावशी न आलेल्या दिवशी कळला. पुढे दिलेली पद्धत त्या अनुभवातून बसवलेली आहे.

फोन करण्याआधी

ब्यूरोवाल्याचा पहिला प्रश्न ‘मेल पेशंट की फीमेल, बारा तास की चोवीस?’ असा असतो आणि त्यापुढचे वाक्य थेट दराचे असते. आपल्याला नेमके कोणते काम करून हवे आहे हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर तो जो माणूस मोकळा असेल तो पाठवतो. म्हणून सुट्टीच्या कागदावर सही करण्यापूर्वीच वॉर्डच्या डॉक्टरांसमोर किंवा इन्चार्ज सिस्टरसमोर वही उघडून बसावे आणि सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रुग्णासाठी काय काय करावे लागेल ते तासागणिक लिहून काढावे. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा: हे घरचे माणूस शिकून करू शकेल, की याला प्रशिक्षित परिचारिकाच लागेल?

अंघोळ किंवा स्पंजिंग, डायपर बदलणे, भरवणे, कूस बदलणे, वॉकरने चार पावले चालवणे ही कामे चांगली शिकलेली मावशी उत्तम करते. शिरेतून औषध देणे, नाकातली नळी घालणे, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, खोल जखमेचे ड्रेसिंग, गळ्याला छिद्र असलेल्या रुग्णाचे सक्शन (नळीने कफ ओढून काढणे) ही कामे मात्र नोंदणीकृत परिचारिकेचीच आहेत. बहुतेक घरांना दिवसभर मावशी आणि ठरलेल्या वेळी येऊन जाणारी परिचारिका अशी जोडी पुरते, आणि ती चोवीस तासांच्या ‘सिस्टर’पेक्षा स्वस्तही पडते. याच कागदावर रुग्णाचे वजन लिहायला विसरू नये. पंचाहत्तर किलोच्या गृहस्थांना एकट्या मावशीने पलंगावरून खुर्चीत बसवणे म्हणजे दोघांनाही पाडण्याची सोय करणे होय.

‘सिस्टर’ कोणाला म्हणायचे

ब्यूरोच्या बोलीत एप्रन घातलेली प्रत्येक स्त्री सिस्टर आणि प्रत्येक पुरुष ब्रदर असतो. हा केवळ शब्दांचा घोळ नाही. दर परिचारिकेचा लावायचा आणि माणूस मदतनीस पाठवायचा, हा प्रकार या एका शब्दाच्या आडोशाने चालतो. बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांच्या आसपासचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि हे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची नोंदणी आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. जीडीए, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, हा कौशल्य-प्रशिक्षणाचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम असून तो केलेली व्यक्ती चांगली मदतनीस असू शकते, पण ती परिचारिका नव्हे.

म्हणून परिचारिका म्हणून कोणी येणार असेल, तर परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आदल्या दिवशी मागवून घ्यावी, तिच्यावरचे नाव व छायाचित्र आधार कार्डाशी ताडून पाहावे आणि नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे की नाही ते तपासावे. ‘ओरिजिनल गावी आहे’ हे उत्तर आम्हाला दोनदा मिळाले आणि दोन्ही वेळा गावाहून काहीच आले नाही.

ब्यूरोच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेल्या चौकटींना फार भुलू नये. त्यांतली सर्वांत ठळक चौकट बहुधा गुमास्ता लायसन्सची, म्हणजे दुकाने व आस्थापना नोंदणीची असते. २०१७ च्या अधिनियमानुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. त्यावरून व्यवसाय अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते, रुग्णसेवेच्या दर्जाविषयी काहीही नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागांसाठी आहे. सेवा आपल्या घरात घडते तेव्हा वॉर्डमधल्या मेट्रनची नजर तिथे नसते आणि ती तपासणी आपल्यालाच करावी लागते.

चौकशीचा फोन

दर शेवटी विचारावा. आधी हे विचारावे, की सकाळी सात वाजता मावशीचा ताप आल्याचा फोन आला तर दुसरी व्यक्ती किती वाजेपर्यंत येईल, ती कोण असेल आणि तिला आमच्या रुग्णाची माहिती कोण देईल. चांगला ब्यूरो या प्रश्नावर थोडा थांबतो आणि ‘तीन-चार तास लागतील, तोवर घरच्या कोणाला तरी थांबावे लागेल’ असे काहीतरी जमिनीवरचे उत्तर देतो. ‘टेन्शनच घेऊ नका, लगेच पाठवतो’ हे उत्तर ज्याच्याकडून येते, त्याच्याकडे बदलीची कोणतीही व्यवस्था नसते असा माझा तरी अनुभव आहे.

त्यानंतर माणसांची पोलीस पडताळणी झालेली आहे का आणि तिचा कागद पाहायला मिळेल का, ब्यूरोची स्वतःची एखादी अनुभवी परिचारिका घरी येऊन काम पाहते का व किती दिवसांनी, आणि हिपॅटायटिस बी ची लस व क्षयरोगाची तपासणी झालेली आहे का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाने माणसाचा अपमान होत नाही. ती लस सुई हाताळणाऱ्याच्याच रक्षणासाठी असते आणि क्षयाची तपासणी रुग्णाइतकीच तिच्या घरच्यांच्याही भल्याची असते.

एक प्रश्न विचारायला लोक संकोचतात आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आम्ही दिलेल्या रकमेतले मावशींना किती मिळते आणि कोणत्या तारखेला? कमिशन घेण्यात गैर काही नाही. पण निम्म्याहून अधिक रक्कम मधेच राहत असेल किंवा पगार दहा-दहा दिवस लांबत असेल, तर ती बाई दुसरीकडे शंभर रुपये अधिक मिळताच एका फोनवर निघून जाणार, आणि त्या दिवशी आपला रुग्ण उघड्यावर पडणार. तिचा पगार वेळेवर होतो की नाही हा आपल्या रुग्णाच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

संदर्भ म्हणून ब्यूरो जी दोन घरे सुचवतो, तिथे सेवा चालू असते आणि चालू सेवेबद्दल कोणी वाईट बोलत नाही. त्याऐवजी जिथली सेवा संपली आहे अशा दोन कुटुंबांचे क्रमांक मागावेत आणि त्यांना एवढेच विचारावे, की किती माणसे बदलली आणि अनामत रक्कम परत मिळाली का.

कागदावर काय हवे

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण तो असावा. कामांची यादी, न करण्याच्या कामांची यादी, येण्याजाण्याची वेळ, जेवण कोणाचे, सुट्टी आणि तिचे पैसे, बंद करण्यासाठी द्यावयाची पूर्वसूचना आणि अनामत परत करण्याची मुदत एवढे त्यात यावे. पैसे ब्यूरोच्या खात्यावरच भरावेत आणि दर महिन्याला पावती घ्यावी. मालकाच्या खासगी क्रमांकावर पाठवलेल्या पैशांचा वाद निस्तरणे कठीण जाते. मोबदला देऊन घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पावती नसेल तर यातले काहीही हाताशी लागत नाही.

पहिला दिवस: सांगू नका, करून दाखवा

पहिल्या दिवशी घरातल्या एका जाणत्या माणसाने रजा टाकून पूर्ण वेळ घरी थांबावे. नव्या मावशींना ‘हे येते का?’ असे विचारले तर उत्तर ‘येते’ असेच येणार, कारण तिला काम हवे असते. त्यापेक्षा ‘आज तुमच्या पद्धतीने करा, मी शेजारी बसते, मलाही शिकायचे आहे’ असे म्हणावे. यात तिचा मान राहतो आणि आपल्याला पाहायचे ते दिसते.

पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. घरात आल्यावर आणि डायपर बदलल्यावर ती साबणाने हात धुते का, आणि ते पाण्याखाली धरून काढते की बोटांच्या बेचक्यांसह चांगले अर्धे-पाऊण मिनिट चोळते? भरवताना पाठीमागे उशा लावून रुग्णाला बसते करते, की आडवे ठेवूनच चमचा पुढे करते? आडवे भरवलेले अन्न श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनियाला निमंत्रण मिळते. नळीने आहार देतानाही डोक्याकडची बाजू उंच हवी आणि त्यानंतर किमान अर्धा तास ती तशीच ठेवायला हवी. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकते आहे का? रुग्णाला उठवताना ती काखेत हात घालून ओढते, की आधी पाय खाली सोडून, क्षणभर बसवून, मग उभे करते?

इन्सुलिनविषयी थोडे थांबून लिहावे लागेल, कारण इथे एका नजरचुकीची किंमत फार मोठी आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या ताकदीचे असते आणि टोचण्याच्या पेनमधले १०० युनिटचे. शिवाय १०० च्या कुप्याही मिळतात. सिरिंजही तशाच दोन प्रकारच्या असतात, ४० च्या सिरिंजचे टोपण साधारणतः लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० ताकदीचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात दहा नव्हे, पंचवीस युनिट जातात. आमच्याकडे बदलीवर आलेल्या एका मुलीने पेनच्या काडतुसात सुई घालून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये औषध ओढलेले मी पाहिले. पेनची सुई संपली होती आणि तिने ‘जुगाड’ केला होता. ती सिरिंज मी तिच्या हातातून काढून घेतली. तिला युनिट म्हणजे काय हे कोणी समजावूनच सांगितलेले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे कुपीचे खोके आणि तिची सिरिंज एकाच डब्यात, आणि पेन वेगळ्या कप्प्यात असते. साखर ७० च्या खाली आली तर काय द्यायचे हे डॉक्टरांना विचारून त्याच डब्याच्या झाकणावर चिकटवलेले असते, आणि वापरलेल्या सुया टाकण्यासाठी शेजारी जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी असते.

वही वाचायला शिका

प्रत्येक चांगला ब्यूरो नोंदवही ठेवायला सांगतो आणि प्रत्येक वाईट ब्यूरोसुद्धा सांगतो. म्हणून वही आहे एवढ्यावर समाधान न मानता ती खरी आहे का हे पाहावे. एके दिवशी मी अवेळी, दुपारी पावणेचारला घरी पोचले. आई झोपली होती, मावशी बाल्कनीत होत्या, आणि टेबलावर उघड्या पडलेल्या वहीत ‘४.०० डावी कूस, ६.०० उजवी कूस, ६.१५ लघवी ३०० मिली’ अशा नोंदी, एकाच पेनाने, एकाच वळणदार अक्षरात तयार होत्या. सव्वासहाची लघवी पावणेचारलाच मोजून झाली होती.

खऱ्या वहीत खाडाखोड असते, पेन बदलते, आकडे सरळ नसतात. कधी २२०, कधी ३७५ मिली. रोज सकाळ-संध्याकाळ १२० वर ८० रक्तदाब लिहिलेला दिसला, तर यंत्र कपाटातून निघालेच नाही असे समजावे. वहीचा ताळा घरातल्या वस्तूंशी जुळवून पाहता येतो: डायपरच्या पुडक्यात उरलेले नग, गोळ्यांच्या पट्टीतल्या रिकाम्या जागा, लघवीच्या पिशवीवरची खूण. आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, हा हिशेब करावा. मुले परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतील, तर जवळ राहणाऱ्या नातलगाकडे हे काम सोपवावे आणि व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळी करू नये. रविवारी रात्री आठच्या कॉलसाठी आजोबांचा भांग नेहमी पाडलेला असतो. कॅमेरा लावायचा असेल तर रुग्णाला आणि मावशीला सांगून, दिवाणखान्याच्या बाजूला, उघड दिसेल असा लावावा. अंघोळ व कपडे बदलण्याच्या जागी तो कदापि नसावा.

पाठ हीच खरी नोंदवही

अंथरुणावरच्या रुग्णाच्या बाबतीत सेवेचा दर्जा कातडीवर उमटतो. आठवड्यातून दोनदा अंघोळीच्या वेळी आपण स्वतः हजर राहून माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू भरपूर उजेडात पाहावी. लाली दिसली तर बोटाने हलके दाबून सोडावे. दाबल्यावर तेवढी जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर धोका अजून टळण्याजोगा आहे, आणि रंग बदललाच नाही तर शय्याव्रणाची (बेडसोअरची) सुरुवात झाली असे धरून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा फुगीर लागते का हे हाताच्या पाठीने चाचपावे.

इथे एक जुनी सवय मोडून काढावी लागते. स्पिरिट लावून, टाल्कम पावडर टाकून पाठ जोरात चोळणे म्हणजे सेवा, असे पुष्कळ मावशींना आणि पुष्कळ घरांतल्या आजींनाही वाटते. लाल झालेल्या जागी असे चोळल्याने आतले नाजूक ऊतक अधिकच दुखावते. बसायची हवेची रिंगही टाळावी, तिच्या कडेने दाब उलट वाढतो. एअर बेड उपयोगी आहे, पण तो आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे थांबवता येत नाही, आणि ‘एअर बेड आहे ना ताई’ हे वाक्य ऐकू आले की मी तरी लगेच पांघरूण बाजूला करून पाहते.

आता चोवीस तासांच्या ड्युटीचा हिशेब मांडावा. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर एकच व्यक्ती दिवसभर काम करून रात्रभर उठू शकणार नाही. पहिल्या दोन रात्री उठेल आणि तिसऱ्या रात्री वहीत उठेल. अशा रुग्णासाठी बारा-बारा तासांच्या दोन व्यक्ती घ्याव्यात किंवा रात्रीची एक पाळी घरच्यांनी उचलावी. मावशीला झोपायला जागा, दार लागणारे स्वच्छतागृह, वेळेवर जेवण आणि हातमोजे देणे हा उपकार नसून कामाचा भाग आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घराच्या चार भिंतींतही लागू होतो, हे घरातल्या पुरुषमंडळींनी आणि सेवा घेणाऱ्या रुग्णानेही जाणून असावे.

हिडीसफिडीस, मारहाण, उपासमार

याविषयी थोडक्यात, पण स्पष्ट लिहिते. दंडांवर बोटांचे वळ, मनगटावर ओढणी बांधल्याची खूण, मावशी खोलीत आल्यावर रुग्णाचे एकदम गप्प होणे, दिवसभर न मोडणारी गुंगी आणि झोपेच्या गोळ्यांचा न जुळणारा हिशेब, घटत चाललेले वजन: यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाशी एकट्याने बोलावे आणि छायाचित्र काढून ठेवावे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची तक्रार ‘त्यांना काही आठवत नाही’ म्हणून उडवून लावू नये. मारहाणीची शंका असेल तर ब्यूरोशी चर्चा करत बसण्याआधी त्या व्यक्तीला रुग्णापासून दूर करावे. मग पोलिसांसाठी ११२ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत.

बदलीचा दिवस

नेहमीची मावशी चांगली असणे हा बऱ्याच अंशी नशिबाचा भाग आहे. ब्यूरोची स्वतःची करामत बदलीच्या दिवशी दिसते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच मावशींना आपणहून एक भरपगारी सुट्टी द्यावी, ब्यूरोला बदली पाठवायला सांगावे आणि आपण घरी थांबून पाहावे. ठरल्या वेळी कोणी आले का? आलेल्या व्यक्तीला रुग्णाचे नाव, आजार आणि ‘उजव्या पायावर भार द्यायचा नाही’ एवढे तरी सांगून पाठवले आहे का, की ती दारात उभी राहून ‘पेशंट कुठाय?’ विचारते? ब्यूरोतून दुपारी एखादा फोन येतो का?

आपल्या बाजूची तयारी म्हणून पलंगाच्या डोक्याशी एक पान चिकटवावे: आजार, ॲलर्जी, औषधांच्या वेळा, कसे भरवायचे, कसे उठवायचे, डॉक्टरांचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि इमारतीचा पूर्ण पत्ता खुणेसह. आमच्या पानावर सर्वांत शेवटी ‘लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, जिना वापरणे’ असेही लिहिले होते. नव्या व्यक्तीने ते पान न सांगता वाचले की नाही, यावरून पुष्कळ काही कळते. दुसऱ्या ब्यूरोकडून पहिल्यांदा बदलीवर आलेल्या बाईंनी चप्पल काढली, हात धुतले, ते पान वाचले आणि विचारले, ‘ताई, मागचा डायपर किती वाजता बदललाय?’ त्यांना आम्ही पुढे कायमचे मागून घेतले.

सेवा थांबवायची वेळ आली तर ती भांडणाने थांबवू नये. पूर्वसूचना लेखी द्यावी, वही आणि अहवाल आपल्या ताब्यात घ्यावेत, औषधे मोजून घ्यावीत, किल्ली परत घ्यावी किंवा कुलूप बदलावे, सोसायटीच्या गेटवरील नोंद रद्द करावी, आणि मावशींची काही रक्कम ब्यूरोकडे अडकली असेल तर ती त्यांना मिळाली की नाही हे त्यांनाच फोन करून विचारावे.